मागची चाकं लॉक होईनात तेव्हा

फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसकारच्या स्पर्धेतल्या ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी, म्हणजे ब्रेक दाबल्यावर फिरायची थांबावी लागतात. आमची पुढची व्हायची, मागची फिरतच राहायची. पेडलही स्पंजसारखं दबायचं. टीममधल्या निम्म्यांचा आग्रह, बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) मागच्या बाजूला सरकवा. सरकवला, काडीचाही फरक नाही.

मग एकाला पेडल दाबायला बसवलं आणि मी बारकडेच बघत राहिलो. नियमानुसार ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात, प्रत्येकाला वेगळा मास्टर सिलिंडर (ब्रेक ऑइलवर दाब देणारा). पेडल दाबलं की बार तिरका व्हायचा, मागचा पुशरॉड (मास्टर सिलिंडर दाबणारी दांडी) जास्त आत जायचा. म्हणजे सहज दबणारी हवा मागच्या सर्किटमध्ये. पण ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) तर नीट झालेलं!

जागेअभावी मागचे कॅलिपर (पॅडने डिस्क पकडणारे भाग) असे बसवलेत की ब्लीड निपल (हवा काढायचं तोंड) खाली येतो. हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. कॅलिपर सोडवले, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची पट्टी घातली (नाहीतर पिस्टन बाहेर येतात) आणि निपल वर धरून ब्लीड केलं. होज (ऑइलची नळी) मात्र तेवढी लांब हवी. आणि ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच पुसा.

पेडल कडक झालं, बार सरळ राहिला. बॅलन्स पुन्हा थोडा पुढे घेतला, चारही चाकं लॉक.