जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले इंडक्टर बदलताना या चुका टाळा

कपॅसिटर बदलायला क्रॉसओव्हर (जाड आवाज वूफरला आणि बारीक आवाज ट्वीटरला वाटून देणारं सर्किट) बाहेर काढला की हातासरशी इंडक्टरही, म्हणजे तांब्याच्या तारेची कॉइलही, बदलून टाकायचा मोह होतो. पहिली चूक तिथेच होते. चाळीस-पन्नास वर्षांत बिघडतात ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तांब्याच्या कॉइलला वयाचा फारसा त्रास नाही. तार तुटली असेल, इनॅमल जळून वेढे आपसात शॉर्ट झाले असतील किंवा गाभ्याच्या पट्ट्या सैल होऊन घूं-घूं करत असतील, तरच कॉइलला हात लावा. शॉर्ट वेढे मल्टिमीटरवर सहसा कळत नाहीत, कारण रोध थोडासाच उतरतो. इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरवर मात्र तो बराच खाली आलेला दिसतो. मोजताना कॉइलचं एक टोक बोर्डावरून सोडवलेलं हवं.

सगळ्यात महागात पडते ती नुसते मिलीहेन्री (इंडक्टन्सचं माप) जुळवण्याची चूक. मूळ डिझाइनमध्ये कॉइलचा डीसी रोधही हिशेबात धरलेला असतो. समजा, वूफरच्या सिरीजमधली लोखंडी गाभ्याची कॉइल 0.3 ओहमची आहे. तिच्या जागी तेवढ्याच मिलीहेन्रीची, पण बारीक तारेची 0.9 ओहमची एअर-कोअर (लोखंडी गाभा नसलेली) बसवली, तर 8 ओहमच्या लोडवर सुमारे 0.6 डेसिबल कमी होतात. एवढं एक वेळ खपून जाईल. पण 6 ओहम डीसी रोधाच्या वूफरचा इलेक्ट्रिकल क्यू (हा जितका जास्त, तितका कोनच्या हालचालीला आवर कमी) त्यामुळे साधारण साडेनऊ टक्क्यांनी वाढतो आणि बास सैल पडतो. एअर-कोअर सॅच्युरेट होत नाही, म्हणजे जास्त करंटला लोखंडी गाभ्यासारखा तिचा इंडक्टन्स घसरत नाही, हे खरं. पण गाभा नसला की वेढे वाढतात, तार लांबते. म्हणून ती जाड तारेचीच घ्यावी लागते, आणि मग ती जुन्या जागेत मावत नाही!

उलटंही घडतं. जुनी कॉइल 0.6 ओहमची आणि नवी 0.25 ची असेल, तर 0.33 ओहम, 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. इतके छोटे आकडे मोजताना आधी मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून रीडिंग घ्या आणि ते वजा करा. नाहीतर वायरींचाच रोध कॉइलच्या नावावर जमा होतो.

तार मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते, गेज सांगून. 22 एसडब्ल्यूजीच्या (तारेच्या जाडीचं ब्रिटिश गेज; आकडा मोठा तशी तार बारीक) 10 मीटर तांब्याच्या तारेचा रोध 0.43 ओहम, 19 एसडब्ल्यूजीचा 0.21. टोक खरवडून बघा: आत चंदेरी निघालं तर ती ॲल्युमिनियमची आहे, आणि रोध 1.6 पट.

वेढे काढून मिलीहेन्री जुळवताना इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो हे लक्षात ठेवा. 1.2 वरून 1.1 मिलीहेन्रीवर यायला वेढे आठ नव्हे, साधारण चारच टक्के कमी करायचे. दोन-दोन वेढे काढा, मोजा, पुन्हा काढा. मोजणी नेहमी एकाच फ्रिक्वेन्सीवर, कारण गाभ्याची कॉइल 100 हर्ट्झवर आणि 1 किलोहर्ट्झवर वेगळे आकडे दाखवू शकते.

एअर-कोअरमधून लोखंडी बोल्ट घातला की मेहनतीने जुळवलेला इंडक्टन्स पुन्हा वर जातो. पितळी किंवा नायलॉनचा वापरा. शेजारच्या दोन कॉइलचे अक्ष एकमेकांशी काटकोनात ठेवा, वूफरच्या चुंबकापासून लांब.

बीबीसीच्या एलएस3/5ए सारख्या स्पीकरमध्ये वेगळाच घोटाळा होतो. त्याच्या 15 ओहमच्या मूळ आवृत्तीत ट्वीटरची पातळी टॅप काढलेल्या (मधल्या वेढ्यांवरूनही जोडटोकं बाहेर काढलेल्या) कॉइलवरून ठरते, म्हणजे ती ऑटोट्रान्सफॉर्मरचं (एकाच कॉइलच्या ट्रान्सफॉर्मरचं) काम करते. तिथे बाजारातली दोन टोकांची साधी कॉइल चालत नाही. सोडवण्याआधी कुठली तार कुठल्या टॅपवर होती, त्याचा फोटो काढून ठेवा.

सोल्डर करण्याआधी इनॅमल पॉलिश पेपरने पूर्ण घासा. वरून चकाकणारा आणि आतून न धरलेला जोड आवाज मधेच घालवतो. शेवटी बहुतेक साध्या टू-वेमध्ये (वूफर आणि ट्वीटर असलेल्या स्पीकरमध्ये) टर्मिनलवर डीसी रोध मोजा: वूफर अधिक सिरीज कॉइल, एवढाच यायला हवा. मग हात न लावलेल्या दुसऱ्या स्पीकरशी ताडून पाहा.