जत्रेच्या नाटकाचा फ्लेक्स आणि तिरपी अक्षरं

जत्रोत्सव जवळ आला की गोव्यात गावच्या नाटकाच्या फ्लेक्सचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतंच. आमच्या वाड्यावर ते माझ्या गळ्यात आहे. वर मराठी, खाली इंग्रजी, आणि मंडळींची ठरलेली सूचना: ‘जरा तिरपं कर रे, उठून दिसेल.’

आधी फॉन्टचं फोल्डर उघडा. सॅन्स सेरिफ, म्हणजे टोकांना शेपट्या नसलेला, स्वच्छ फॉन्ट दुरून चांगला वाचता येतो. त्यात इटॅलिकची, म्हणजे मुद्दाम आखलेल्या तिरप्या अक्षरांची, वेगळी फाइल आहे का ते बघा. ती नसताना इटॅलिकचं बटण दाबलं, तर सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतं. खात्री करायची तर रोमन ‘ओ’ मोठा करा. ढकललेल्या ‘ओ’ची रेघ वर उजवीकडे नि खाली डावीकडे फुगते, उरलेल्या दोन कोपऱ्यांत रोडावते. अक्षरकार ही जाडी हाताने पुन्हा सारखी करतो. गिल सॅन्स या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये तर छोटा ‘ए’ दुमजलीचा (वर कमान, खाली पोट) एकमजली (नुसतं पोट आणि दांडी) होतो. हेल्वेटिका फॉन्टचा दुमजलीच राहतो, फक्त १२ अंशांत झुकतो. दोन्ही चालतात, मला गिलचा जास्त जिवंत वाटतो.

मंडळाचं नाव स्वतः आखणार असाल तर इंकस्केप या चित्र आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं ८ ते १२ अंश झुकवा, मग गोलाईची जाडी दुरुस्त करा आणि शेवटी दोन अक्षरांमधलं अंतर डोळ्यांनी जुळवा. जाडी दुरुस्त करायचा कंटाळा येतो, पण खरं काम तेच.

आता मराठी ओळ. देवनागरीत रोमनसारखी इटॅलिकची परंपरा नाही. नुसतं ढकललं की शिरोरेखा आडवीच राहते, खालची अक्षरं मात्र दोरीवरचे कपडे वाऱ्याने एका बाजूला उडावेत तशी दिसतात. माझा पहिला फ्लेक्स असाच झाला होता. तेव्हा नाटकाचं नाव सरळच ठेवा, जाड करा, रंग बदला. झुकवायचंच असेल तर पॉपिन्ससारखं, देवनागरीचंही इटॅलिक असलेलं फॉन्टचं घराणं घ्या.

दोन लिप्या सांभाळायची ही कटकट गोव्याला नवी नाही. इथे छापखाना १५५६ साली आला, तरी १६१६ साली रायतूरला छापलेलं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांतच निघालं.

इंग्रजी भागात तिरपं कुठे वापरायचं? नाटकाच्या नावाला, एखाद्या छोट्या टॅगलाइनला. तारीख, वेळ, देवळाचं नाव सरळच. व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियस या मुद्रकाने १५०१ साली रोमन कवी व्हर्जिलचं अख्खं पुस्तक इटॅलिकमध्ये छापलं, पण ते हातात धरून वाचायचं होतं; फ्लेक्स धावत्या स्कूटरवरून वाचला जातो. तिरप्या शब्दाला लागून सरळ कंस आला तर मध्ये किंचित जागा सोडा, नाहीतर शेवटचं अक्षर त्यावर डोकं आपटतं.

छपाईला देण्याआधी नावाचा एक तुकडा खऱ्या मापात कागदावर काढा, देवळासमोरच्या भिंतीला चिकटवा आणि रस्त्यापलीकडून वाचून बघा.