न्यायाधीश डायसवरून अपमानकारक बोलल्यास तक्रार कशी करावी

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात किंवा बार्शी, पंढरपूर, माळशिरस येथे तारखेला येणाऱ्या पक्षकाराला न्यायाधीशांचे कडक बोलणे नवीन नसते. मात्र कडकपणा कुठे संपतो आणि अपमान कुठे सुरू होतो, हे नीट ठरवल्याशिवाय तक्रारीला हात घालू नये. भरकटलेला उलटतपास थांबवणे, तहकुबी (पुढची तारीख) नाकारणे किंवा खर्च बसवणे हा न्यायाधीशांचा अधिकारच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार सुनावणीच्या काळात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी द्यायच्या नसतात, तेव्हा चौथी नाकारली म्हणून केलेली तक्रार टिकणार नाही. साक्षीदाराची भाषा, जात, पेहराव किंवा शिक्षण यांवरून भर कोर्टात टोमणा मारणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. सरकारी अधिकाऱ्यांच्या हजेरीबाबत जानेवारी २०२४ मध्ये कार्यपद्धती घालून देताना सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे दिसणे, शिक्षण व सामाजिक स्थान यांवर शेरे मारू नयेत, असे न्यायालयांना बजावले. जो मान मंत्रालयातील सचिवाला, तो विड्या वळणाऱ्या साक्षीदार बाईला का नसावा, याचे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. आदेश चुकीचा वाटत असेल तर त्यावर अपील किंवा पुनरीक्षण (वरच्या न्यायालयाकडून आदेशाची तपासणी) हाच मार्ग असतो. तक्रार फक्त वागणुकीची करता येते. बहुतेक तक्रारी फसतात त्या या दोहोंची सरमिसळ केल्यामुळे, कारण ‘साहेब ओरडले आणि मनाई हुकूमही दिला नाही’ असे एका दमात लिहिले की वाचणाऱ्याला त्यात हरलेल्या पक्षकाराचा राग तेवढा दिसतो.

प्रसंग घडत असताना उलट उत्तर देऊ नये. न्यायिक कामकाज चालू असताना न्यायाधीशांचा हेतुपुरस्सर अपमान करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६७ खाली गुन्हा आहे, आणि एकदा आवाज चढला की मूळ प्रसंग बाजूला पडून तुमचेच वागणे चर्चेत येते. जे सांगायचे ते वकिलांमार्फत आणि शांतपणे सांगावे. रागाच्या भरात साक्ष अर्धवट थांबवली गेली असेल, तर वकिलांनी त्याच दिवशी तसा लेखी अर्ज द्यावा, म्हणजे त्याची दखल रोजनाम्यात (प्रकरणाच्या दररोजच्या कामकाजाच्या नोंदीत) येते. मोबाईलवर चोरून रेकॉर्डिंग करू नये. परवानगीशिवाय केलेले ते चित्रण पुरावा होण्याआधी तुमच्यावरच शेकेल. घरी जाण्यापूर्वी तारीख, वेळ, प्रकरणाचा क्रमांक, उच्चारलेले शब्द आणि त्या वेळी हजर असलेल्या व्यक्तींची नावे कागदावर उतरवावीत आणि रोजनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागात अर्ज द्यावा.

तक्रारीत विशेषणे नकोत, शब्द हवेत. समजा, घरी तेलुगू बोलणारी एक वृद्ध साक्षीदार प्रश्न न समजल्याने अडखळली. ‘न्यायाधीशांनी माझ्या आईचा अत्यंत हीन व मानहानिकारक अपमान केला’ या वाक्याची चौकशी करायची कशी? त्याऐवजी असे लिहावे: ‘सरतपास (स्वतःच्या वकिलांनी घेतलेली साक्ष) चालू असताना साक्षीदाराने प्रश्न पुन्हा विचारण्याची विनंती केली, तेव्हा न्यायाधीश म्हणाले, “मराठी येत नाही तर कोर्टात कशाला येता?” दुभाषा देण्याची वकिलांची विनंती त्यांनी ऐकून घेतली नाही. त्या वेळी दोन्ही बाजूंचे वकील हजर होते.’ यातील प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारून पडताळता येते.

पडताळणीला महत्त्व असण्याचे कारण म्हणजे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरन्यायाधीशांनी उच्च न्यायालयांना पाठवलेले पत्र. कनिष्ठ न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळता येण्याजोगे साहित्य असल्याशिवाय तिची दखल घेऊ नये, असे त्यात सांगितले आहे. निनावी पत्र म्हणूनच वाया जाते.

जिल्ह्यातील न्यायाधीशांवरील नियंत्रण संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाकडे असल्याने तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलना पाठवावी. सोलापूर जिल्ह्याची प्रकरणे ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचकडे गेली असली, तरी ही बाब प्रशासकीय आहे, त्यामुळे पत्ता मुंबईचाच घालावा. स्थानिक पातळीवर प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांनाही निवेदन देता येते. किरकोळ प्रसंगात तेवढ्यानेही काम भागते. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मधील कलम ६ सद्भावनेने केलेल्या अशा तक्रारीला संरक्षण देते, पण ते संरक्षण उच्च न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या कनिष्ठ न्यायालयाकडे केलेल्या कथनापुरतेच आहे. तोच मजकूर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकला की ते संरक्षण राहत नाही.

पुढे साधारणपणे संबंधित न्यायाधीशांकडून खुलासा मागवला जातो, गरज वाटल्यास गोपनीय चौकशी होते आणि गंभीर प्रकरणात विभागीय चौकशी लागते. केवळ उद्धट बोलण्यासाठी नोकरी जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये; समज देणे, गोपनीय अहवालात नोंद करणे किंवा बदली करणे हे अधिक शक्य असते. उच्च न्यायालयानेही सावध राहावे हे रास्तच आहे, कारण क्षुल्लक तक्रारींपासून प्रामाणिक न्यायाधीशांना जपण्याची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ईश्वरचंद जैन प्रकरणात उच्च न्यायालयांवरच टाकली आहे.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींबाबत हा मार्ग लागू नाही. तेथे तक्रार मुख्य न्यायमूर्ती किंवा सरन्यायाधीशांकडे जाते आणि १९९९ मध्ये स्वीकारलेल्या अंतर्गत कार्यपद्धतीनुसार हाताळली जाते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या शेरेबाजीची सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. त्यांनी खेद व्यक्त केल्यावर ते प्रकरण बंद करण्यात आले.

तक्रार दिल्याने चालू प्रकरण आपोआप दुसऱ्या न्यायालयात जात नाही. सध्याच्या न्यायालयात न्याय मिळणार नाही अशी रास्त भीती असेल, तर दिवाणी दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे आणि फौजदारी प्रकरणात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४४८ खाली सत्र न्यायाधीशांकडे प्रकरण वर्ग करण्याचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. एखाद्या कठोर वाक्यावर असा अर्ज सहसा मंजूर होत नाही. त्यावर निर्णय होईपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहावे, अन्यथा गैरहजेरीत एकतर्फी आदेश होऊ शकतो.