गर्द सोडताना अ‍ॅक्युपंक्चरची जोड कशी घ्यावी

गर्द (भेसळयुक्त हेरॉइन) किंवा अफूवर्गातील वेदनाशामक गोळ्या बंद केल्यावर जो त्रास होतो, ज्याला व्यसनात अडकलेली मुले ‘टर्की’ म्हणतात, त्यावर अ‍ॅक्युपंक्चर (ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा उपचार) घ्यायचे असेल तर मूळ उपचार मनोविकारतज्ज्ञाकडेच ठेवावा. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या औषधांमागे भक्कम पुरावा आहे. सुयांबाबतच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही अस्वस्थता आणि निद्रानाश यांत अनेकांना सुयांनी थोडा आराम वाटतो, म्हणून त्या जोड म्हणून घ्याव्यात, औषधाच्या जागी नव्हे.

व्यसन सोडवण्यासाठी कानात सुया टोचण्याची ही पद्धत हाँगकाँगमधील न्यूरोसर्जन एच. एल. वेन यांच्या १९७२-७३ च्या निरीक्षणांतून पुढे आली. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधील लिंकन रुग्णालयात तिला आजचे रूप मिळाले आणि १९८५ मध्ये तिच्या प्रशिक्षणासाठी ‘नाडा’ (नॅशनल अ‍ॅक्युपंक्चर डिटॉक्सिफिकेशन असोसिएशन) ही संस्था स्थापन झाली.

शेवटच्या पुडीनंतर साधारण आठ ते चोवीस तासांत जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण जातो. सुयांची सत्रे शक्यतो याच दिवसांत, रोज एक याप्रमाणे ठेवावीत. प्रत्येक कानात पाच ठिकाणी बारीक सुया अगदी वरवर टोचतात. त्यांपैकी ‘शेनमेन’ हा बिंदू कानाच्या वरच्या त्रिकोणी खळग्यात असतो. टोचताना क्षणभर चुरचुरते, मग कान गरम किंवा जड वाटू लागतो. त्यानंतर तीस ते पंचेचाळीस मिनिटे खुर्चीत शांत बसायचे असते. लिंकनमध्ये रुग्णांना असे एकत्र बसवत आणि काही बोलायची सक्ती नसे. मला या पद्धतीतला हा भाग फार मोलाचा वाटतो, कारण टर्कीत असलेल्या माणसाला त्या वेळी प्रश्न नको असतात.

उपचारक प्रशिक्षित आणि नोंदणीकृत असल्याची खात्री करावी व निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुयांचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ती आधी कळवावी. गरोदर स्त्रीने तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय नशा एकाएकी बंद करू नये. उलट्या-जुलाबांनी लघवी कमी झाली किंवा भान हरपू लागले, तर सत्र सोडून थेट रुग्णालय गाठावे.

टर्की ओसरल्यावर शरीराची सवय मोडलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा तेव्हा जीव घेऊ शकते, हे घरच्यांनी आणि रुग्णाने दोघांनीही समजून घ्यावे. पुढच्या उपचारासाठी १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे.