बालेवाडीचे मैदान वाटून घेताना : फुटबॉल हंगामापूर्वीची तयारी

पुण्यात केवळ फुटबॉलसाठी बांधलेले मोठे स्टेडियम नाही. म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले, आणि त्याचे मुख्य मैदान तेव्हापासून अनेक खेळांच्या वाट्याला येत गेले. 2008 च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि 2013 च्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा तिथे झाल्या. त्याच हिरवळीवर पुणे एफसी हा क्लब आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल लीगचे सामने खेळला, 2014 ते 2019 या काळात एफसी पुणे सिटीने इंडियन सुपर लीगचे सामने खेळले, आणि 2022 च्या आरंभी महिला आशिया चषक फुटबॉलचे सामनेही तिथे झाले. व्यावसायिक फुटबॉल आणि इतर खेळ एका मैदानावर नांदू शकतात, याचा हा पुरावाच आहे. मात्र ते आपोआप नांदत नाहीत. एखाद्या क्लबने असे मैदान हंगामासाठी घ्यायचे ठरवले, तर पहिल्या सामन्यापूर्वी काय काय करून ठेवायला हवे, ते इथे लिहीत आहे.

सर्वांत आधी वेळापत्रक घ्यावे, आणि त्यात पहिली नोंद सामन्यांची नव्हे, तर गवताच्या विश्रांतीची करावी. आपल्याकडे अशा बैठकांत क्लब सामन्यांच्या तारखा मांडतो, ॲथलेटिक्स संघटना स्पर्धांच्या तारखा मांडते, आणि मधल्या मोकळ्या चौकटी दिसल्या की शालेय संचलनापासून कंपन्यांच्या क्रीडादिनापर्यंत सगळे काही तिथे भरले जाते. मैदानाचे सर्वाधिक नुकसान या भरलेल्या चौकटींमुळे होते असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एक सामना किंवा एक स्पर्धा गवत सहज सोसते, पण सावरायला मिळालेच नाही तर ते हरते. म्हणून विश्रांतीचे दिवस हे रीतसर आरक्षण मानावे, वेळापत्रकात ते ठळकपणे लिहावे, आणि ते रद्द करण्याचा अधिकार क्लबलाही देऊ नये.

हे दिवस किती ठेवायचे, ते महिन्यावर अवलंबून असते. उष्ण प्रदेशातील फुटबॉल मैदानांवर बहुधा बर्म्युडा जातीचे गवत असते, म्हणजे आपल्या हरळीचेच सुधारित भावंड. हरळीला ऊन आणि उष्मा मानवतो. पावसाळा सरल्यानंतरच्या उबदार दिवसांत बुटांनी उखडलेली जागा ती लवकर झाकून टाकते. परंतु डिसेंबर-जानेवारीत पुण्यातला रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरू लागला की तिची वाढ मंदावते, आणि तेवढीच उखडलेली जागा भरून यायला कितीतरी जास्त दिवस लागतात. भारतातील व्यावसायिक फुटबॉलचा हंगाम नेमका याच थंडीतून जात आला आहे. तेव्हा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हिरवळीवर फेकीच्या (गोळा, थाळी, भाला, हातोडा) स्पर्धा घेऊ नयेत, क्लबनेही आपला रोजचा सराव दुसऱ्या मैदानावर न्यावा, आणि मुख्य मैदानावर सामना व त्याच्या आदल्या दिवशीचा छोटा सराव एवढेच ठेवावे. ट्रॅकवर धावण्याला मात्र या काळात आडकाठी असू नये. पहाटे तिथे सरावाला येणाऱ्या मुलामुलींचे वर्षच थंडीत घडत असते, आणि सामन्याच्या तयारीच्या नावाखाली त्यांना फाटकाबाहेर उभे करणे हा अन्याय आहे. सामन्याच्या दिवशीसुद्धा सकाळचा सराव चालू ठेवता येतो.

यानंतर टेप हातात घेऊन मैदान मोजावे. 400 मीटरच्या प्रमाणित ट्रॅकच्या आतल्या वळणाची त्रिज्या 36.5 मीटर आणि सरळ बाजू 84.39 मीटर असते, म्हणजे आतली जागा 73 मीटर रुंद मिळते. फुटबॉलचे मैदान मोठ्या सामन्यांसाठी 105 बाय 68 मीटर आखतात. दोन्ही टचलाइनच्या, म्हणजे लांब बाजूंच्या रेषांच्या, बाहेर अडीच मीटर उरतात, गोलच्या मागे सव्वीस मीटरपर्यंत मोकळी जागा राहते, त्यामुळे कागदावर सगळे बसल्यासारखे दिसते. अडचण कोपऱ्यांत येते. मैदानाची लांबी ट्रॅकच्या सरळ बाजूपेक्षा जास्त असल्याने चारही कोपरे वळणाच्या पोटात शिरतात, आणि गणित केले तर कॉर्नरच्या निशाणापासून ट्रॅकची आतली कड एक मीटरपेक्षाही कमी, सुमारे 97 सेंटिमीटरवर येते. त्या कडेला पाच सेंटिमीटर उंचीची ॲल्युमिनियमची कर्ब, म्हणजे ट्रॅकची कड दाखवणारी पट्टी, बसवलेली असते. चेंडू वाचवण्यासाठी घसरत गेलेला बचावपटू सरळ तिच्यावर आदळू शकतो, आणि कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूची धाव तर ट्रॅकवरूनच सुरू होते.

यासाठी सामन्याच्या दिवशी चारही कोपऱ्यांजवळची वळणावरची कर्ब काढून ठेवावी, कोपऱ्याबाहेरच्या सिंथेटिक भागावर कृत्रिम हिरवळीचे जाड तुकडे अंथरावेत, आणि ते हिरवळीच्या पातळीला आले आहेत की नाही, हे हात फिरवून पाहावे. जोडावर बोटभर जरी उंचवटा राहिला तरी घोटा मुरगळायला तो पुरेसा असतो. काढलेल्या कर्बच्या प्रत्येक तुकड्यावर आणि त्याच्या जागेवर एकच क्रमांक रंगवावा. आतल्या मार्गिकेची लांबी कर्बपासून 30 सेंटिमीटर अंतरावर मोजतात. तुकडे अदलाबदल होऊन बसले किंवा रेषेपासून सरकले, तर पुढच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत मेहनतीने नोंदवलेल्या वेळेवर प्रश्नचिन्ह उभे राहू शकते. नियमांना अनुसरून मैदान 100 बाय 64 मीटर आखले, तर कोपऱ्यापाशी साडेतीन मीटर मोकळे होतात. स्पर्धेचे नियम परवानगी देत असतील, तर कोपऱ्यावरची ही मोकळीक पाच मीटर लांबीपेक्षा मोलाची आहे, असे मी म्हणेन. न्यूयॉर्क सिटी एफसी हा अमेरिकन फुटबॉल क्लब (सॉकरचा) 2015 पासून यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या मैदानावर खेळत आला आहे, तोही अशाच आखूड-अरुंद मैदानावर; त्यावर टीका झाली, तरी लीग चालली.

फेकीच्या स्पर्धांची तयारी स्वतंत्रपणे करावी, कारण ट्रॅक आणि फुटबॉल यांच्यातला खरा वाद याच ठिकाणी असतो. पुरुषांचा हातोडा आणि गोळा प्रत्येकी 7.26 किलोचा असतो. गोळ्याचे क्षेत्र मैदानाच्या टोकाला नेता येते, पण हातोडा हिरवळीच्या मध्यापर्यंत येऊन पडतो आणि वाटीएवढा खड्डा करतो. हातोडाफेकीसाठी संकुलातील किंवा शहरातील दुसरे मैदान आधीच ठरवून ठेवावे, आणि तिथे जाळीचा पिंजरा नियमाप्रमाणे उभा आहे याची खात्री करावी. हा खर्च फुटबॉल क्लबने उचलणे मला न्याय्य वाटते, कारण फायदा त्यांच्या हिरवळीचा आहे. थंडीचा तो काळ सोडला, तर थाळी आणि भाला यांच्यासाठी हिरवळ मोकळेपणाने द्यावी. भाल्याने पडणारे भोक किरकोळ असते. थाळी आडवी पडली तर गवत खरवडते, उभी पडली तर चीर पाडते, आणि ती चीर त्याच संध्याकाळी बुजवता येते.

खड्डा बुजवण्याची पद्धत मैदानावरच्या प्रत्येकाला प्रत्यक्ष करून दाखवावी. घाईत माणूस खड्ड्यात वरून माती टाकतो आणि बुटाने दाबतो. खाली घट्ट झालेला थर तसाच राहतो, तिथे पाणी मुरत नाही, आणि काही दिवसांत हिरवळीवर पिवळा ठिपका उमटतो. त्याऐवजी खड्ड्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर बागकामाचा काटा तिरका खुपसून दबलेला थर हळूहळू वर उचलावा, असे चारही बाजूंनी करावे, आणि मग उरलेली पोकळीच तेवढी भरावी. भरण्यासाठी मैदान बांधताना वापरलेल्या प्रतीचीच वाळू हवी. निचऱ्यासाठी वाळूवर बांधलेल्या मैदानात पुण्याची काळी माती भरली, तर ती पाणी धरून बसते आणि सुकल्यावर कडक होते. त्या वाळूची पुरेशी पोती हंगामापूर्वीच झाकून ठेवावीत, म्हणजे ऐनवेळी मिळेल ती वाळू आणण्याची वेळ येणार नाही.

जेवढी काळजी हिरवळीची, तेवढीच ट्रॅकचीही घ्यावी. फुटबॉल क्लब इथे हमखास कमी पडतात. खेळाडू ड्रेसिंग रूममधून मैदानात जाताना स्टडचे बूट घालून सिंथेटिक ट्रॅक ओलांडतात. त्यांच्या वाटेवर जाड रबरी मॅट दोन्ही कडांपलीकडे जाईल इतकी लांब घालावी, आणि राखीव खेळाडूंनी सराव करायचा तो गोलच्या मागच्या जागेत, तीही हिरवळ असेल तरच. जाहिरातींचे एलईडी फलक, डगआउट (राखीव खेळाडूंची बसण्याची जागा), कॅमेऱ्यांचे स्टँड यांचे पाय थेट ट्रॅकवर टेकू नयेत. ॲम्ब्युलन्स सोडून एकही वाहन ट्रॅकवर येणार नाही असे ठरवावे, आणि तिचीही वाट प्लायवूडच्या फळ्या टाकून तयार ठेवावी. प्रेक्षकांच्या फटाक्यांवर आणि पेटत्या मशालींवर फाटकावरच बंदी असावी, कारण पॉलीयुरेथेन जळते आणि जळालेला तुकडा बदलून मूळ पृष्ठभागाशी एकजीव करणे अवघड असते. गुटखा आणि च्युइंगगमसाठीही झडती घ्यावी.

आखणीचे काम थोडक्यात सांगता येईल. गावाकडच्या मैदानावर फक्की मारतात तशी चुन्याची फक्की इथे वापरू नये, ती गवतही जाळते आणि त्वचाही. पाण्यात विरघळणारा रंग वापरावा. फेकीच्या क्षेत्राच्या रेषा रंगाने न आखता पट्टी ताणून खिळवाव्यात आणि स्पर्धा संपताच काढाव्यात. खिळे मोजून लावावेत आणि मोजूनच काढावेत, कारण गवतात राहिलेला एक खिळाही गुडघा फाडू शकतो.

इतर खेळांचा विचार करताना काहींना स्पष्ट नकार द्यावा लागेल. हॉकीला वेगळाच कृत्रिम पृष्ठभाग लागतो आणि पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही. रग्बीच्या सामन्यांना जागा देता येईल, पण त्यानंतर विश्रांतीचे दिवस वाढवावे लागतील. क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. 20.12 मीटर लांबीची, रोलरने दाबून घट्ट केलेली खेळपट्टी हिरवळीच्या मधोमध बनवायची म्हणजे फुटबॉलचे मैदान त्या हंगामापुरते सोडूनच देणे होय. कोचीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये 2018 साली भारत-वेस्ट इंडिज एकदिवसीय सामना घेण्याचे घाटत होते. फुटबॉलसाठी तयार केलेली हिरवळ खणण्याला तीव्र विरोध झाला, आणि तो सामना शेवटी तिरुवनंतपुरमला गेला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये दोन्ही खेळ होतात खरे, पण तिथले वेळापत्रक पाहावे : 6 फेब्रुवारी 2022 रोजी महिला आशिया चषकाचा अंतिम सामना झाला, आणि आयपीएलचा तिथला पहिला सामना 27 मार्चला झाला. मधले सात आठवडे देता येणार नसतील, तर हा विषय बैठकीत आणू नये. पुण्याजवळ गहुंजेला क्रिकेटचे स्वतंत्र स्टेडियम असताना तो आणण्याचे कारणही नाही. लंडनमध्ये टॉटनहॅम या फुटबॉल क्लबने गवताचे अख्खे मैदान तीन भागांत सरकवून खाली अमेरिकन फुटबॉलची कृत्रिम हिरवळ ठेवली आहे; तो मार्ग आपल्या आवाक्यातला नाही, पण मुळात दोन खेळांना दोन पृष्ठभाग लागतात हे त्यांनी मान्य केले आहे, हे लक्षात घ्यावे.

पावसासाठी एक नियम लिखित असावा. परतीचा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हमखास गाठतो. शेतकरी जसा वाफसा (जमिनीतले जादा पाणी निथळून योग्य ओल उरणे) आल्याशिवाय रानात औत घालत नाही, तसा मैदानातही वाफसा येईपर्यंत रोलर, कापणी यंत्र किंवा सरावाचा संघ यांपैकी काहीही उतरवू नये. वाफसा आला की नाही, हे मुख्य ग्राउंड्समनने ठरवावे. त्याचा निर्णय क्लबचा व्यवस्थापक, संघटनेचा सचिव किंवा भेटीला आलेले पाहुणे यांपैकी कोणालाही फिरवता येऊ नये, आणि हे करारातच नमूद असावे. अनुभवी माळ्याचे ऐकले जात नाही, हे आपल्या मैदानांचे जुने दुखणे आहे.

करारात आणखी काही गोष्टी नीट लिहून घ्याव्यात. फुटबॉलकडून ॲथलेटिक्सकडे आणि उलट मैदान फिरवायला किती तास आणि किती माणसे लागतात, हे हंगामापूर्वी एकदा प्रत्यक्ष करून पाहावे आणि तेवढा वेळ दोन आरक्षणांच्या मध्ये राखावा. अनामत रक्कम हिरवळीसाठी आणि ट्रॅकसाठी वेगवेगळी घ्यावी. संकुलात टेनिसचे सामने किंवा कबड्डीची लीग त्याच दिवशी असेल, तर वाहनतळ, पाण्याचे टँकर, स्वच्छतागृहे आणि महामार्गाकडून येणारी गर्दी यांचा आराखडा वाहतूक पोलिसांसह एकत्र करावा. प्रत्येक वापरानंतर क्लबचा एक, संघटनेचा एक आणि संकुलाचा एक प्रतिनिधी, असे तिघांनी उजेड असतानाच मैदानाला फेरी मारावी. सामना रात्री संपला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिला धावपटू ट्रॅकवर उतरण्यापूर्वी. दोन्ही पेनल्टी क्षेत्रे, चारही कोपरे, फेकीचे क्षेत्र आणि मॅटखालचा ट्रॅक यांची छायाचित्रे दर वेळी त्याच जागी उभे राहून काढावीत, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय पुढच्या वापरासाठी फाटकाची किल्ली देऊ नये.