पावसाळ्यात परसातली बदके : पाय, पंख आणि जखमांची देखभाल

संध्याकाळी बदके खुराड्यात शिरत असतील तेव्हा पाच मिनिटे दारापाशी उभे राहा. रोज ओळीने येणाऱ्यांपैकी एखादे मागे पडले, एका पायावर भार देत आले किंवा वाटेतच बसले, तर त्याला त्याच वेळी हातात घ्या. बदक दुखणे लपवते. त्याने खाणे सोडेपर्यंत थांबलात, तर घरच्या उपचारांची वेळ बहुतेक वेळा निघून गेलेली असते. "बदकच ते, त्याला पावसाचे काय!" असे आपण सहज म्हणतो. पण पाऊस त्याला बाधत नाही, बाधतो तो चिखल. चिखलाखाली जखम आपल्याला दिसत नाही, माश्यांना मात्र बरोबर सापडते.

बदकाला पाय धरून कधीच उचलू नका. त्याचे पाय पोहण्यासाठी घडलेले आहेत, एका हिसक्यात सांधा निखळतो. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा, बदक काखेत घ्या आणि दुसरा तळहात पायांखाली ठेवा. डोळ्यांवर हलके फडके टाकले की धडपड थांबते.

आता तळवा उलटा करून धुवा. मधोमध मसुराच्या दाण्याएवढी काळी, कडक खपली दिसली तर तो तळव्याचा गळू, म्हणजे बंबलफूट. खडबडीत जमिनीवर किंवा काट्याने बारीक चीर पडते आणि त्यातून बहुधा स्टॅफिलोकोकस जिवाणू आत शिरतात. माझ्या एका मादीची अशी खपली मी पहिल्या वेळी चिखल समजून सोडून दिली. आठवड्याभरात तळवा सुजून गरम झाला. तेव्हापासून तळवा धुतल्याशिवाय मी बदक खाली सोडत नाही.

सुरुवातीची खपली असेल तर कोमट पाण्यात थोडे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून पाय 10 ते 15 मिनिटे बुडवून ठेवा. ते पाणी बदकाला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पाय नीट कोरडा करून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा, वर गॉज ठेवून पट्टी बांधा आणि ती रोज बदला. बोटे सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली आहे, ती लगेच सैल करा. खपली ओढून काढू नका, गळू दाबूही नका. पक्ष्यांचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. तो घट्ट, चुरा होणारा असतो, त्यामुळे दाबल्याने बाहेर न येता आणखी आत सरकतो. सूज बोटांकडे किंवा घोट्याकडे चढली तर पशुवैद्यकाकडेच न्या.

उघड्या जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरा. थांबले का ते पाहायला मध्येच उचलू नका. नख तुटले असेल तर टोकाला कॉर्नफ्लॉर दाबले की रक्त थांबते. मग 1 लीटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड लहान चमचा, घाला आणि सुई नसलेल्या सिरिंजने जखम भरपूर धुवा. आजूबाजूची पिसे कात्रीने कापा, उपटू नका. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साइड पुन्हा पुन्हा ओतल्याने भरत आलेली कातडीच जळते. राख, माती किंवा कसलीही पूड जखमेत भरू नका. तेलकट मलम फासले की पिसे पाणी शोषू लागतात आणि बदक भिजून गारठते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि बधिर करणारी मलमे तर नकोतच. त्यांचा डोस पक्ष्याला सहज जिवावर बेततो.

कुत्र्यामांजराने धरलेले बदक वरून ठीक दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाताचे भोक सुईएवढे असते, पण मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला जिवाणू रक्तात लवकर पसरतो. कातडीखाली बोटाला हवा कुरकुरल्यासारखी लागली तर आतल्या हवेच्या पिशव्यांना इजा झालेली असू शकते.

पावसाळ्यात मला सर्वांत जास्त धास्ती असते ती अळ्यांची. माशीने ओल्या जखमेवर किंवा शेपटीखालच्या घाणीवर अंडी घातली की एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात. शेपटीखाली आणि मादीच्या मानेवर-पाठीवर पिसे बाजूला सारून पाहा. अळ्या दिसल्या तर कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, चिमट्याने एकेक काढा आणि बारा तासांनी पुन्हा तपासा, कारण चिकटून राहिलेली अंडी तोवर फुटतात. मिलनाच्या वेळी नर मादीची मान चोचीत धरतो, म्हणून मानेवरची जखम पुन्हा पुन्हा होत असेल तर नर जास्त झाले आहेत. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात.

मुरगळलेल्या पायाला औषधापेक्षा विश्रांती हवी. जाड, कोरड्या पेंढ्यावर आठवडाभर अडवून ठेवा. रोज काही मिनिटे कोमट पाण्याच्या टबात तरंगू दिले तर पायावरचा भार उतरतो, पण उघडी जखम असेल तर टब नको. पंख लोंबत असेल तर तो नैसर्गिक घडीत बसवून अंगाशी हलकेच बांधा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. पट्टीने छाती आवळली जाऊ देऊ नका. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसते, छातीचे हाड हलले तरच श्वास घेता येतो. पट्टी घट्ट बसली तर बदक आपल्या हातातच गुदमरते.

वाढत्या पिल्लाचे पाय वाकू लागले, सांधे सुजले, तर ते मार लागल्याचेच लक्षण असेल असे नाही. बदकाच्या पिल्लांना नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते, आणि नुसत्या कोंबडीखाद्यावर ते कमी पडू शकते. खाद्यात नायसिन असलेले ब्रुअर्स यीस्ट (वाळवलेले यीस्ट) मिसळा.

बुरशी धरलेला मका किंवा पेंड थोडीसुद्धा देऊ नका. त्या बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, बदकांना कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त बाधते. साचलेल्या, कुजक्या पाण्यावर किंवा मेलेल्या प्राण्याजवळ त्यांना जाऊ देऊ नका. तिथल्या विषाने मान लुळी पडते आणि पाय जातात. तुसाची गादी ओली झाली की वरचा थर काढून कोरडे तूस टाका.

एकाच वेळी अनेक बदके मेली किंवा माना वाकड्या झाल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नका आणि पशुवैद्यकीय खात्याला तत्काळ कळवा. बर्ड फ्लूचा विषाणू वरून धडधाकट दिसणाऱ्या बदकातही असू शकतो, म्हणून एरवीही उपचार करताना हातमोजे घाला. डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले तर त्यांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत त्या बदकांची अंडी खाऊ किंवा विकू नका.

जखमी बदकाला तळ्यावर सोडायचे नाही, पण डोके पूर्ण बुडेल इतके खोल, स्वच्छ पाणी भांड्यात हवेच. त्याशिवाय डोळे आणि नाकपुड्या साफ राहत नाहीत, आणि कोरडा घास घशात अडकतो. एकटे पडलेले बदक ओरडून हैराण होते, खाणे टाकते. म्हणून त्याचा कोपरा जाळीने वेगळा करा, पण थव्याच्या नजरेतच ठेवा. जखमेवर कोरडी, नवी कातडी आली की एका संध्याकाळी, सगळी आत शिरत असताना, त्याला हळूच त्यांच्यात मिसळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी टोचत नाही ना ते पाहा.