क्रूझचा विमा घ्यायचाय? आधी बंदरांची यादी काढा

‘क्रूझ बुक झाली, आता विम्याचं तेवढं सांग,’ असा फोन मला वर्षातून चार-पाचदा तरी येतो. घरच्यांना आणि मित्रमंडळींना घेऊन मी आजवर सात क्रूझ केल्यात. सिंगापूरहून पेनांग-फुकेत, भूमध्य समुद्र, ग्रीसची बेटं, एकदा अलास्का. प्रत्येक वेळी सगळ्यांच्या पॉलिसींची भानगड माझ्याच गळ्यात. त्यामुळे ‘एजंट पॅकेजमध्ये देतोच की’ आणि ‘स्वस्तातला घे रे, व्हिसापुरता’ ही दोन वाक्यं ऐकली की माझं डोकं फिरतं.

विमान तुम्हाला एका देशात नेऊन सोडतं. जहाज सात दिवसांत चार देश फिरवतं आणि मधल्या रात्री कुठल्याच देशात नसतं. पॉलिसी मात्र जमिनीवरच्या प्रवाशाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असते. म्हणून क्रूझसाठी ती बंदरागणिक तपासावी लागते.

बंदरं आणि पॉलिसीचा भूगोल

क्रूझच्या तिकिटावरची बंदरं कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे देश लिहा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी (बऱ्याच युरोपीय देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तेवढ्यासाठी ‘फक्त शेंगेन’ अशी स्वस्त पॉलिसी सर्रास विकली जाते. आता तुमचं जहाज अथेन्सजवळच्या पिरेअसहून निघालं आणि तिसऱ्या दिवशी तुर्कस्तानातल्या कुशादासीला लागलं. तिथे पाय मुरगळला तर? तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, माँटेनेग्रोतलं कोटोर नाही, ट्युनिस नाही. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून आत आहे, त्यामुळे डुब्रोवनिक चालतं. जुन्या माहितीवर बोलणारे अजून त्याला बाहेर धरतात. (अशा मार्गाला व्हिसासुद्धा एकाहून अधिक प्रवेशांचा लागतो, ते आत्ताच बघून ठेवा.)

अमेरिकेचंही तेच. ‘जगभर, अमेरिका-कॅनडा वगळून’ ही पॉलिसी स्वस्त पडते. अलास्काची जहाजं सुटतात सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून, कॅरिबियनची बरीचशी मायामीहून. म्हणजे बहामाला जाताय असं म्हणत तुम्ही जाता-येता अमेरिकेतच उभे असता.

मुंबई-गोवा-लक्षद्वीप क्रूझला परदेश प्रवासाची पॉलिसी उपयोगाची नाही, देशांतर्गत प्रवासाची घ्या. चेन्नईहून श्रीलंकेला जाणार असाल तर मात्र परदेशाची.

आणखी एक: वगळलेल्या बाबींच्या यादीत ‘क्रूझ’ हा शब्द शोधा. काही योजनांत क्रूझचं संरक्षण वेगळे पैसे भरून जोडावं लागतं. सापडलं नाही तर कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर ‘हो सर, कव्हर होतं’ म्हणणारा क्लेमच्या वेळी भेटत नाही.

तारखा

पॉलिसी घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतची, वर दोन-तीन दिवस जास्त. डायमंड प्रिन्सेस जहाज फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनामुळे जपानमधल्या योकोहामाला 3,711 माणसांसकट अडकलं, त्यात 138 भारतीय होते. 4 फेब्रुवारीला सहल संपायची होती. प्रवासी उतरायला लागले 19 फेब्रुवारीपासून. प्रवास तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला तर पॉलिसी आपोआप वाढते का, हे कलम वाचा.

रक्कम

जहाजावर दवाखाना असतो. डॉक्टर, नर्स, ईसीजी, एक्स-रे, सलाईन. शस्त्रक्रिया वगैरे नाही. माणसाला स्थिर करायचं आणि पुढच्या बंदरात उतरवायचं. दवाखाना फुकट नसतो. बिल डॉलरमध्ये किंवा युरोत तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं आणि क्रूझच्या शेवटी कार्डातून वळतं होतं. ‘कॅशलेस’ विसरा, जहाजावर आधी तुम्ही भरायचं. क्रेडिट कार्डाची मर्यादा त्या बेताने ठेवा. आणि आपला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा भारतातल्या उपचारांपुरताच असतो, त्याच्या भरवशावर चढू नका.

मोठा खर्च दवाखान्याचा नसून हलवण्याचा. मार्च 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात व्हायकिंग स्काय जहाजाची इंजिनं बंद पडली, 1,373 पैकी 479 जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं. लोकांच्या डोळ्यासमोर तेच चित्र असतं. प्रत्यक्षात वेळ येते ती वेगळी: एखाद्या छोट्या बेटावर तुम्हाला उतरवतात, तिथल्या इस्पितळात सोय नसते आणि मोठ्या शहरात किंवा भारतात न्यायला रुग्णवाहिका-विमान लागतं. त्याचा आकडा लाखो रुपयांत जातो. म्हणून पॉलिसीत ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ (रुग्णाला असं हलवणं) आणि मायदेशी आणण्याचा खर्च मूळ रकमेच्या आत आहे की स्वतंत्र, ते बघा. माझ्या मते आशिया-युरोपला 1 लाख डॉलरच्या खाली जाऊच नये, अमेरिकेला अडीच लाखांच्या. प्रीमियममधला फरक जहाजावरच्या दोन दिवसांच्या कॉफीइतका असतो.

जुने आजार: इथे घाई करू नका

मी जिथे सपशेल आपटलो ती जागा ही.

भूमध्य समुद्राच्या पहिल्या क्रूझला आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांचे फॉर्म एका एजंटाने ऑनलाइन भरले. त्यात एक प्रश्न असतो, ‘पूर्वीचा काही आजार आहे का?’ त्याने अकराही जणांना ‘नाही’ अशी टिचकी मारली. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो, कारण भावोजींना विचारल्यावर ते म्हणाले होते, ‘मला कुठे बीपी आहे? गोळी घेतो ना मी.’ या वाक्यावर अख्ख्या महाराष्ट्राचे क्लेम बुडत असतील. गोळीमुळे आकडा नॉर्मल येतो, म्हणजे आजार नाही असं नव्हे!

नेपल्स सोडल्यावर रात्री त्यांच्या छातीत कळ आली. जहाजाच्या डॉक्टरने ईसीजी काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी हृदयाचं काही नाही, पित्त आहे असं ठरलं. बिल झालं 1,900 डॉलरच्या आसपास. पुण्याला येऊन क्लेम टाकला. कंपनीने फॅमिली डॉक्टरचे मागचे कागद मागितले. त्यात सहा वर्षांची रक्तदाबाची गोळी. जहाजाच्या डॉक्टरनेही ‘रुग्ण रक्तदाबाचे औषध घेतो’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. ते भावोजींनीच त्याला सांगितलेलं. माहिती दडवली म्हणून क्लेम नामंजूर. पित्ताचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, यावर मी तीन पत्रं लिहिली. एक पैसा मिळाला नाही. एजंटाने तोवर नंबर बदलला होता.

तेव्हापासून माझा नियम: फॉर्म ज्याचा त्याने, औषधांचा डबा समोर ठेवून भरायचा. डब्यात जितकी पानं तितके आजार. मधुमेह, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, दमा, जुनी अँजिओप्लास्टी, सगळं. ‘एवढं लिहिलं तर पॉलिसीच देणार नाहीत’ असं लोक घाबरवतात. कधी कधी नाही देत, खरं आहे. मग दुसऱ्या कंपनीकडे जायचं. निघण्याआधी घरात बसून मिळालेला नकार परवडतो. मेसिनाच्या बंदरावर मिळालेला नाही परवडत.

पण नुसतं खरं लिहून भागत नाही. आजार जाहीर केला म्हणजे तो कव्हर झाला, हा दुसरा गैरसमज, आणि तो पहिल्यापेक्षा महाग पडतो. पॉलिसींत साधारण तीन तऱ्हा दिसतात. पहिली: जुना आजार आणि त्यातून उद्भवलेलं काहीही पूर्ण बाहेर. दुसरी: फक्त जिवावर बेतलं तर, तेही स्थिर करण्यापुरता खर्च, आणि त्याला वेगळी मर्यादा. तिसरी: जास्त प्रीमियम घेऊन बऱ्यापैकी संरक्षण. बाजारात दुसऱ्या तऱ्हेच्या पॉलिसी तिसरीच्या थाटात विकल्या जातात. माझ्या आईसाठी पाहिलेल्या एका योजनेत पहिल्या पानावर ठळक 1 लाख डॉलर होते आणि आत बारीक अक्षरांत जुन्या आजारासाठी 1,500 डॉलर. मधुमेह असलेल्या बहात्तर वर्षांच्या बाईच्या दृष्टीने ती 1,500 डॉलरचीच पॉलिसी झाली. 1 लाखाचा आकडा फोटोपुरता.

ज्येष्ठांच्या पॉलिसीत आणखी एक मेख असते, ती म्हणजे सब-लिमिट. साठीच्या पुढे बऱ्याच योजना खोलीचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी यांना स्वतंत्र मर्यादा घालतात. आयसीयूचं खरं बिल दिवसाला कितीही येवो, कंपनी आपल्या तक्त्यातला आकडा देऊन मोकळी होते. तो तक्ता जाहिरातीत नसतो, पॉलिसीच्या संपूर्ण मजकुरात असतो. तो पैसे भरण्याआधी मागा. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून विमा घेऊ नका. एवढा एक निकष लावलात तरी निम्मे पर्याय गळून पडतील.

मुलं अमेरिकेत आहेत आणि आईबाबांना तिथून क्रूझवर नेणार आहेत, अशांसाठी: तिकडच्या पाहुण्यांच्या विम्यात ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास’ अशा नावाचं कलम दिसतं. ते दुसऱ्या तऱ्हेचंच भावंड आहे. वयाची अट आणि मर्यादा दोन्ही वाचा, आणि ती पॉलिसी अमेरिकेबाहेरच्या बंदरांत चालते का, हेही. मुलांच्या नोकरीतला आरोग्य विमा आईबाबांना लागू नसतो, हे सांगायला नको. तरी विचारणारे भेटतात.

गरोदरपण बहुतेक योजनांत बाहेरच असतं, आणि 24 आठवड्यांच्या पुढे क्रूझ कंपन्या सहसा चढूही देत नाहीत.

रद्द झालं तर

निघायच्या तारखेच्या जवळ गेल्यावर क्रूझचे पैसे पूर्ण परत मिळत नाहीत, शेवटच्या एक-दोन आठवड्यांत तर बहुधा शून्य. तुमच्या पॉलिसीतली ‘ट्रिप कॅन्सलेशन’ची रक्कम आणि क्रूझचं भाडं शेजारी लिहा. भाडं 2 लाख रुपये आणि संरक्षण 500 डॉलर, असा मामला असतो. कारणांची यादी ठरलेली असते: मृत्यू, इस्पितळात भरती, असं. व्हिसा नाकारला, रजा मिळाली नाही, जायचा मूड गेला, यांचे पैसे सहसा नाहीत. ‘जवळचे कुटुंबीय’ म्हणजे कोण, तेही पाहा; घरी राहिलेले सासू-सासरे त्यात बसतात की नाही, यावर आमच्या एका मित्राची सगळी रक्कम अडली होती.

आणि विमा क्रूझचा पहिला हप्ता भरल्या आठवड्यातच घ्या. निघायच्या आदल्या रात्री घेतलेल्या पॉलिसीत रद्द होण्याचं संरक्षण शोभेपुरतं उरतं.

जहाज चुकलं तर

जहाज थांबत नाही. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर नॉर्वेजियन डॉन जहाजाचे आठ प्रवासी खासगी सहलीवरून उशिरा आले आणि किनाऱ्यावर राहिले. देशामागून देश ओलांडत त्यांनी सेनेगलमध्ये जहाज गाठलं. विम्यात असा खर्च मिळायचा तर उशिराचं कारण यादीतलं असावं लागतं. ‘खरेदी करत होतो’ हे नसतं. सुटायच्या बंदरावर आदल्या दिवशीच पोचा. एका रात्रीचं हॉटेल हा या कामासाठी मला माहीत असलेला सर्वांत चांगला विमा.

हवामानामुळे जहाजाने एखादं बंदर गाळलं तर क्लेम साधारणपणे होत नाही. भांडू नका, आइस्क्रीम खा.

जहाजावर

पॉलिसीची छापील प्रत आणि मदत केंद्राचा क्रमांक पासपोर्टसोबत. भर समुद्रात नेट नसेल. औषधं हातातल्या पिशवीत, कारण धक्क्यावर दिलेली बॅग खोलीत संध्याकाळी येते. आजारी पडलात तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. दवाखान्यातून बाबवार बिल आणि डॉक्टरचा सहीचा अहवाल उतरण्याआधी घ्या. घरी आल्यावर जहाजाकडून कागद मिळवायला मला सात आठवडे लागले होते. मूळ बिलं कुरिअर करण्याआधी स्कॅन करून ठेवा.

क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी लागत नाही, वकील लागत नाही. भावोजींच्या वेळी मला हे माहीत होतं, पण फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं असताना तिथे जाऊन सांगणार काय होतो?